तळ्याची वाटी

आमच्या गावच्या शाळेत माझ्या वेळेला तीन गुरुजी होऊन गेले. त्यातले दोघे शहाणे होते, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एक वेळेवर यायचे, दुसरे वेळेवर जायचे. तिसऱ्यांचं घड्याळच बंद होतं.

बंद म्हणजे कायमचं बंद. पण मनगटावर रोज बांधलेलं. काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेले. कोणी विचारलं, "गुरुजी, किती वाजले?" की ते चष्मा वर करून अगदी नीट पाहायचे आणि म्हणायचे, "इथले नाही सांगता येणार. ही दुसऱ्या ठिकाणची वेळ आहे."

"कुठली, गुरुजी?"

"ते अजून कळलं नाही."

उंच माणूस, मानेत थोडा वाकलेला. वैशाखातही लांब बाह्यांचा सदरा, आणि पायजम्याला सायकलवाल्यांचे लोखंडी चाप. सायकल नव्हती. आयुष्यात कधी असेल असंही वाटत नव्हतं. बाबांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "सायकल मिळाल्यावर चाप शोधत फिरायचं का?" बाबा म्हणे घरी येऊन बराच वेळ विचार करत बसले होते, की यात चूक नेमकी कुठे आहे.

ही सगळी पन्नास सालानंतरची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मूलच्या बाजाराला बैलबंडीनं जायचं तर पहाटे निघावं लागे. आमचं गाव धानाचं, गावाच्या वरच्या अंगाला तलाव, तलावापलीकडे जंगल सुरू. शाळा जनपद सभेची, म्हणजे सरकारी, चौथीपर्यंत, एकच खोली आणि एकच गुरुजी. मी चौथी शिकले. पुढचं जे काही वाचणं-लिहिणं, ते किराण्याच्या पुड्या सोडून सोडून आलं, म्हणून माझ्या सांगण्यात मागचं पुढं होतं. ते तुम्ही सांभाळून घ्या.

गुरुजी कुठल्या तरी दूरच्या मुलखातले होते म्हणे. बोलायचे पुस्तकासारखं. आमची बोली त्यांना यायची नाही, पण आवडायची फार. विशेष करून 'काऊन'. "'का' असं विचारलं तर उत्तर देऊन सुटता येतं," ते म्हणायचे, "पण 'काऊन' विचारलं की माणसाला खाली बसावंच लागतं." आणि खरंच, एखाद्या पोरानं "काऊन गुरुजी?" म्हटलं की ते खुर्ची सोडून आमच्यात बांबूच्या तट्ट्यावर येऊन बसायचे. पाढे तिथेच राहायचे.

मग गोष्ट निघायची. शाळेत जागा कमी पडते म्हणून ते आम्हाला तलावाच्या पारीवर न्यायचे. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध, मोहाच्या झाडांनी भरलेला. तिथे सावलीत बसलो की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आटपाट तारा होता." नगर नाही, तारा. "त्या ताऱ्यावर माणसं नव्हती, पण माणसांसारखी काळजी करणारी होती."

गोष्टी मात्र आमच्याच. चांद्याच्या जुन्या राजाच्या, ज्या आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. राजा शिकारीला गेला, सशानं उलट राजाच्या कुत्र्याचाच पाठलाग केला, आणि ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं राजानं चांद्याचा कोट बांधला. गुरुजींचा ससा ससाच नव्हता. ते ताऱ्यावरून उतरवलेलं यंत्र होतं, जमीन मोजायला आलेलं. कोणी घाबरू नये म्हणून वरून सशाचं कातडं ओढलं होतं.

"मग कुत्रा काऊन पळाला गुरुजी?"

"कारण त्या सशाला वास नव्हता. डोळ्याला ससा दिसतो आणि नाकाला काहीच नाही! कुत्राच काय, तूसुद्धा पळाला असतास."

त्या राजाच्या अंगावर गाठी होत्या आणि जंगलातल्या एका खड्ड्यातलं पाणी लावून त्या बऱ्या झाल्या, ही दुसरी. गुरुजी म्हणायचे, त्या पाण्यात डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक वैद्य सोडलेले होते. एकानं विचारलं, "मंग ते वैद्य कुठी गेले?" तर म्हणाले, "राजाच्या अंगातच राहिले. तिथे काम भरपूर होतं."

पाटलांनी एकदा पारीवरून जाताना हे ऐकलं. थांबले. म्हणाले, "का गा गुरुजी, लेकराइले असं खोटं काऊन सांगून राह्यले?"

गुरुजींना राग आला नाही. ते कधी रागावल्याचं मला आठवत नाही. ते म्हणाले, "खोटं नाही, पाटील. अजून खरं झालेलं नाही, इतकंच."

हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही पोरं ते खेळात वापरायचो. कोणी कोणाच्या बोरांवर हात मारला आणि पकडला गेला की म्हणायचा, "मी घेतले नाई, अजून खरं झालं नाई!"

त्यांच्या जेवणाबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या जेवणावर आहे. शाळेला लागून त्यांची खोली. खोलीत एक पेटी, एक कंदील, एक वाटी. ताट नाही, पेला नाही. वरण त्या वाटीत, ते संपलं की भात त्याच वाटीत, मग भाजी, शेवटी ताक. "पोटाला कप्पे नाहीत," म्हणायचे. आणि जेवायचे दार लावून. जेवताना कोणताही माणूस विद्वान दिसत नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे त्यांची ती वाटी गावात कोणी पाहिली नव्हती. मी पाहिली होती, कारण माय माझ्या हातून रोज त्यांना ताक पाठवायची आणि मी ते वाटीत ओतून लोटी परत आणायची.

वाटी पांढरी होती. चांदीची नाही, अ‍ॅल्युमिनियमची, ज्याला आम्ही जर्मल म्हणतो, तीही नाही. त्यांचे मामा मुंबईला एका दवाखान्यात कामाला होते, तिथे असल्या वाट्या पाहून त्यांनी कुठून तरी एक विकत मिळवली आणि भाच्याला दिली. आज तुमच्या घरात तसल्या पन्नास असतील. स्टील. पण तेव्हा आमच्या गावात कोणी नावही ऐकलं नव्हतं. आमच्याकडे पितळ, कासं आणि माती. पितळेची कल्हई गेली की ताक कळकतं, हिरवं पडतं, पोरं ओकतात. मी घरी येऊन सांगितलं, "माय, गुरुजीच्या वाटीत कालचं ताक आजबी चांगलं होतं." माय म्हणाली, "चूप बस. गुरुजीच्या शाळेत जाऊन तुलेबी गोष्टी याले लागल्या."

आता तळ्याचं.

आमचा तलाव राजाच्या वेळचा. त्याची गोष्ट अशी, की पूर्वी गावात लग्न निघालं की घरच्या बाईनं पारीवर जाऊन हळदकुंकू वाहायचं आणि लागतील तेवढी भांडी तोंडानं मागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी पाण्याच्या कडेला हजर. लखलखीत घासलेली. लग्न झालं की तशीच घासून परत द्यायची. असं किती पिढ्या चाललं. मग एका घरानं एक वाटी ठेवून घेतली. त्या दिवसापासून तलावानं भांडी देणं बंद केलं.

ते घर आमचं.

म्हणजे गाव म्हणायचं आमचं. आम्हाला नावच वाटीवाले. आता तुम्ही हसाल, तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, तीही तलावाची. पण माझी माय गावच्या प्रत्येक लग्नात भाजी चिरायला गेली, भाताचं आधण ठेवायला गेली, तिला भांडी घासायला कधी कोणी बसू दिलं नाही. गावकीची मोठी भांडी भागरथाबाईच्या ताब्यात असायची. ती आमच्या घरी देताना एकदा मोजायची आणि घेताना दोनदा. आणि चारचौघांत म्हणायची, "वाटीवाल्याइच्या घरी खुशाल जेवाले जाजा, पण आपली वाटी मोजून आणजा!" बायका हसायच्या. मायही हसायची. न हसून काय करते.

बाबा एकच वाक्य बोलायचे. "आमच्या घरी वाटी नाई. कधी नव्हती." बस. त्याच्यावर एक शब्द जास्त नाही.

आणि याच्यावर एक समजूत वाढली होती. वाटीवाल्यांची लेक ज्या घरी जाईल, त्या घरी पंगतीत वाढणं कमी पडतं. माझ्या मोठ्या बहिणीची, कौसाबाईची, दोन स्थळं याच्यावरून परत गेली होती. एक सिंदेवाहीकडचं, एक ब्रह्मपुरीकडचं. दोघांनी पोरगी पसंत केली, चहा घेतला, आणि वेशीपर्यंत जाता जाता कोणीतरी कानाला लागलं. कौसाबाई तेव्हा सतरा-अठराची. तिनं तलावाला पाण्याला जाणं सोडलं होतं. घागर घेऊन दूरच्या विहिरीवर जायची.

गुरुजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते गावात आल्याला सहा महिने झाले असतील. तलावाची गोष्ट त्यांनी कोणाकडून तरी ऐकली आणि त्यांना ती इतकी आवडली, की दुसऱ्याच दिवशी पारीवर नेऊन त्यांनी सुरू केली. आटपाट तारा होता. तिथलं जहाज आकाशातून निखळलं आणि या तलावात बुडालं. आत जी होती त्यांना बोटं नव्हती. जहाजाचे तुकडे गंजू नयेत म्हणून रोज घासायला हवेत, पण घासणार कोण? म्हणून त्यांनी युक्ती केली. जहाजाचे तुकडे भांड्यांच्या रूपानं गावाला द्यायचे. बायका राखेनं, चिंचेनं घासून परत करतील. दोघांचंही काम झालं.

आम्ही सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होतो. मीही.

"आणि एक दिवस," गुरुजी म्हणाले, "एका घरानं एक वाटी ठेवून घेतली. जहाजाचा एक तुकडा कमी पडला. ते आजपर्यंत खाली अडकून आहेत."

सगळ्या पोरांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली पाहिलं. मातीत मुंगळा चालला होता, तो मला अजून दिसतो. मग मी पाटी उचलली आणि घरी निघून आले. मागून एका पोरीचा आवाज आला, "गुरुजी, ते हिचंच घर होय ना."

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते, मायनं ढकलून पाठवली. गुरुजी उभे होते. फळ्यावर गणित चुकलं की ते कसे बोलायचे, अगदी तसं ते म्हणाले, "काल मी एक गोष्ट चुकीची सांगितली. मला अर्धीच माहिती मिळाली होती. आज दुरुस्ती करायची आहे. चला पारीवर."

आणि त्यांनी दुरुस्ती केली.

ती वाटी चोरलेली नव्हती. ती मागे ठेवायला दिलेली होती. तळ्यातल्यांचं जहाज दुरुस्त झालं, त्यांना घरी जायचं होतं. पण पुन्हा कधी यायचं झालं तर एवढ्या जंगलात हे गाव सापडणार कसं? म्हणून जहाजाचा एक तुकडा इथे ठेवायचा. त्या धातूची एक हाक असते, माणसाच्या कानाला न ऐकू येणारी. त्या हाकेवर ते परत येणार. मग वाटी ठेवायची कोणाकडे? त्यांनी सगळ्या घरांचा हिशेब पाहिला. कोणी भांड्याला पोचा आणलेला, कोणी बूड जाळलेलं. एकच घर असं, की ज्यांचं भांडं दिलं त्याहून उजळ परत यायचं. त्या घराला त्यांनी वाटी दिली आणि सांगितलं, कोणाला बोलायचं नाही. लोक चोर म्हणतील, तरी बोलायचं नाही.

"आणि तीनशे वर्षं ते घर बोललं नाही," गुरुजी म्हणाले. घड्याळाकडे पाहिलं. "त्यांचं परत येणं तेवढं अजून व्हायचं आहे."

पोरं पुन्हा माझ्याकडे पाहू लागली. या वेळी मी खाली पाहिलं नाही.

लेकरांच्या तोंडून निघालेली गोष्ट किती पळते ते तुम्हाला सांगायला नको. आठ दिवसांत गावात, पंधरा दिवसांत मूलच्या बाजारात. भागरथाबाई विहिरीवर म्हणाली, "पाहा वो बाप्पा! चोराइचे पहारेकरी झाले!" पण बाकीच्या बायकांना गोष्ट आवडली होती. कोणाला आपल्या गावात आकाशातून पाहुणे आलेले आवडणार नाही? त्या मायला विचारू लागल्या, आधी खाजगीत, मग उघड, "दाखव ना व, कशी हाये ती वाटी?"

माझे बाबा मात्र कधी चढले नव्हते ती शाळेची पायरी चढून गेले. मी खिडकीतून ऐकत होते.

"गुरुजी, तुमी काय करून ठेवलं?"

"मी तुमच्या घरावरचा आळ काढला."

"आळ काढला? अजी, आमी पिढ्यान्‌पिढ्या सांगून राह्यलो का आमच्या घरी वाटी नाई. कोणी मानलं नाई, पण आमचं सांगणं तं सरळ होतं. तुमी गावाले सांगतलं का वाटी हाये, फक्त चोरीची नाई. म्हणजे आमच्या आजा-पणज्याले तुमी खोटारडं केलं."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नाही." आणि खरं सांगते, ते इतक्या प्रामाणिकपणे म्हणाले, की बाबांना पुढे भांडता येईना. मग गुरुजींनी विचारलं, "दुरुस्ती करू?"

"नका करू," बाबा म्हणाले. "तुमची दुरुस्ती परवडत नाई."

अशात कौसाबाईला तिसरं स्थळ आलं. मूलचे पाहुणे. मुलाचे वडील तिथल्या एका धानाच्या गिरणीत दिवाणजी. वजनात आणि शब्दात काटेकोर माणूस, असं मध्यस्थानं सांगितलं. आणि निरोप आणला की बाजारात त्यांच्या कानावर सगळं आलेलं आहे, पहिलंही आणि दुसरंही, तेव्हा मुलगी पाहता पाहता वाटीही पाहून घेऊ.

घरात कोणी जेवलं नाही. बाबा म्हणाले, "विचारतील तं खरं सांगीन. वाटी नाई." कौसाबाई चुलीपुढे बसून राहिली. ती एवढंच म्हणाली, "मंग हेबी जातील." रडली वगैरे नाही. लाकूड आत सारलं.

माय उठली. परपुरुषाशी ती आयुष्यात बोलली नव्हती. डोक्यावर पदर घेतला, माझा हात धरला, आणि भर दुपारी गुरुजींच्या खोलीसमोर जाऊन उभी राहिली. दार लावलेलं होतं, म्हणजे ते जेवत होते. मायनं कडी वाजवली.

"गुरुजी, गोष्ट तुमची. आता वाटीबी तुमीच द्या."

आतून भांडं खळखळून धुतल्याचा आवाज. दार उघडलं आणि गुरुजींनी ती पांढरी वाटी, पाणी निथळत असलेली, दोन्ही हातांनी मायला दिली. कशाला, किती दिवस, काही विचारलं नाही. मी मागे वळून पाहिलं तर त्यांचा उरलेला भात खिडकीत एका पळसाच्या पानावर ठेवलेला होता.

पाहुणे आले ते उन्हातून. दिवाणजी, त्यांचे भाऊ, मुलगा आणि एक म्हातारी आत्या. कौसाबाईला पाहणं झालं. नाव विचारलं, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, येते का विचारलं, चालून दाखवायला सांगितलं, सगळं झालं. मग दिवाणजी सतरंजीवर सरसावून बसले. "आता ते दुसरं," म्हणाले.

मायनं माझ्या हातात वाटी दिली. त्यात काठोकाठ ताक. मी ती नेऊन त्यांच्या पुढे ठेवली. बाबांनी वाटी पाहिली आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा पायाखाली साप दिसल्यावर होतो. त्यांना मायनं काही सांगितलं नव्हतं.

दिवाणजींनी वाटी हातावर तोलली. म्हणाले, "हलकी हाये." आत्या म्हणाली, "चांदी होय का गा?" "चांदी नाई." त्यांनी नखानं टिचकी मारली, कान लावला. ताक प्याले, सगळं, थांबून थांबून. मायनं आडून सांगितलं, "सकाळपासून यातच हाये, तरी कळकलं नाई." आत्यानं हात जोडले.

आणि मग त्यांनी वाटी उलटी केली.

आता चूक कुठे झाली ते सांगते. आमच्याकडे भांडं घेतलं की बुडाला ठोक्यांनी नाव घालायचं. प्रत्येक घरी, प्रत्येक भांड्याला. ते इतकं नेहमीचं, की दिसतच नाही. मायला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, सात-आठ महिने मी त्या वाटीत ताक ओतत होते, पण भरल्या वाटीचं बूड कोण पाहतं? दिवाणजींच्या हातात ती उलटी झाली तेव्हा मी समोरच उभी होते. बारीक टिंबाटिंबांनी लिहिलेलं होतं. गुरुजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, आणि खाली 'मामाकडून'.

दिवाणजींनी ते वाचलं. नीट, ओठ हलवत. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता घर कोसळतं.

त्यांनी बाबांकडे पाहिलं. विचारलं, "वाटी तुमची का?"

बाबा म्हणाले, "नाई."

आत मायच्या हातातलं काहीतरी पडलं.

"आमच्या घरी वाटी कधीच नव्हती," बाबा म्हणाले. "हे कोणाची, कुठून आली, मले माहीत नाई. पण आमची नाई."

मुलाचे काका उठायच्या बेतात होते. दिवाणजींनी हातानं त्यांना खाली बसवलं. वाटी सरळ केली, पंच्याच्या टोकानं आतून पुसली, आणि माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "गोष्टीतबी असंच हाये ना? वाटी त्या घरची नव्हतीच. दुसऱ्याची होती. 'आमची' म्हणाले असते, तं मी उठलो असतो." आणि आत्याकडे वळून, "या घरची लेक आली तं वाढणं कमी नाई पडणार."

लग्न त्याच वैशाखात झालं. भांडी भागरथाबाईनं दिली. परत घेताना मोजलीच, पण एकदा. पंगती पारीखाली बसल्या. गुरुजी शेवटच्या पंगतीला बसले, पत्रावळीवर, आणि पहिल्यांदाच दार न लावता जेवले. वाढणं उरलं, हे मी मुद्दाम सांगते.

कौसाबाईनं पुढे कितीतरी वर्षांनी मला सांगितलं, की तिच्या सासऱ्यांनी घरात कोणालाही त्या नावाबद्दल सांगितलं नाही. तिला एकदाच विचारलं, "ते मास्तर कुठी असते आता?" ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

कारण त्याच पावसाळ्यात गुरुजींची बदली झाली. सिरोंच्याकडे, जिथे शाळेतली लेकरं तेलुगू बोलतात. हुकूम आला तेव्हा आम्ही सगळे रोवण्यात होतो, गुडघाभर चिखलात. संध्याकाळी घरी आलो तर खोलीला कुलूप. शेजारच्यानं सांगितलं, बंडी आली, पेटी ठेवली, गेले. चाप लावूनच गेले.

वाटी आमच्याकडे शिंक्यात. लग्नाच्या आणि रोवण्याच्या धांदलीत ती परत द्यायची राहिलीच, आणि गुरुजींनी कधी मागितली नाही.

एक पोस्टकार्ड आलं. तिकडची नदी किती मोठी आहे, त्या लोकांकडेही एका किल्ल्याची गोष्ट आहे आणि ती दुरुस्त करायला घेतली आहे, असं लिहिलं होतं. वाटीबद्दल अक्षर नाही. कौसाबाई सासरी कशी आहे, एवढं विचारलं होतं. मी उत्तर लिहिलं, माझं आयुष्यातलं पहिलं पत्र. त्याला उत्तर आलं नाही. माय दर वर्षी म्हणायची, औंदा कोणाच्या तरी हातून वाटी पोचती करू. औंदा नदीला पूर, औंदा कौसाबाईचं बाळंतपण, औंदा माझंच लग्न. मग कोणीतरी जंगलखात्यातला माणूस तिकडून आला, तो म्हणाला तसे कोणी गुरुजी आता तिथे नाहीत. पुढे कुठे गेले, विचारलं तर हात हलवले.

बाबा त्या शिंक्याखालून जाताना वर पाहायचे नाहीत. एकदा मात्र, फार म्हातारे झाल्यावर, खाटेवरून मला म्हणाले, "त्या दिवशी त्यानं विचारलं, मी खरं सांगतलं. आता कोणी विचारलं तं मी काय सांगू व?"

पण पुढे कोणी विचारलंच नाही.

वाटी आता माझ्याकडे आहे. बुडाचं नाव घासून घासून पुसट झालंय, बोट फिरवलं की कळतं. नातसून परवा म्हणाली, "आजी, ही बाकीच्यांत ठेवू का?" म्हटलं, नको, ती दुसऱ्याची आहे. ती हसली. घरात स्टीलच स्टील, त्यात दुसऱ्याचं कोणतं आणि आपलं कोणतं.

तीनशे वर्षं गाव म्हणत होतं, की आम्ही एक वाटी घेतली आणि परत केली नाही. तीनशे वर्षं ते खोटं होतं. खोटं नाही, अजून खरं झालं नव्हतं, इतकंच. झालं, गुरुजी. आता तुमचं येणं तेवढं राहिलं.

वाटी घासून ठेवली आहे.